एक मिलिसेकंद, पण कुठून कुठवर?

सिक्स-जी या मोबाइल नेटवर्कच्या पुढच्या पिढीवरच्या लेखातलं ‘सिक्स-जीमुळे मुंबईतला सर्जन गडचिरोलीतल्या रुग्णावर एका मिलिसेकंदात शस्त्रक्रिया करेल’ हे वाक्य खटकलं. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. फाइव्ह-जीच्या निकषातला १ मिलिसेकंदाचा विलंबसुद्धा फक्त फोन ते टॉवर एवढ्याच टप्प्याचा, तोही खास सेवांसाठी. पुढचा प्रवास फायबरमधून, म्हणजे काचेच्या तंतूंच्या केबलमधून, आणि काचेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटरच धावतो. मुंबई-गडचिरोली हवाई अंतर साडेसातशे किलोमीटर धरलं, तरी जाऊन-येऊन साडेसात मिलिसेकंद लागणारच. सिक्स-जी काय, टेन-जी आणा! म्हणून तर सर्व्हर, म्हणजे सेवा पुरवणारे संगणक, टॉवरजवळ नेण्याची खटपट चाललीय. लेखात त्याचा उल्लेखही नाही.

आमच्या गावी रस्त्याच्या खोदकामात टॉवरमागची ही केबल तुटली की फोनवर दांड्या फुल्ल, पण साधा व्हॉट्सअॅपचा मेसेज जात नाही.