टक्के विचारता, मग कुठे अडलंय ते का वाचत नाही?

डोकं फिरलंय आज. रोज संध्याकाळी सहाच्या आत प्रत्येकाने आपापलं शीट भरायचं, असा आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरचा नियम आहे. आज काय केलं, उद्या काय करणार, किती तास गेले, काम किती टक्के झालं आणि कुठे अडलंय. यातला टक्क्यांचा रकाना सोडून हा माणूस बाकी काहीही वाचत नाही, हे आज क्लायंटसमोर उघड झालं.

आमच्या सॉफ्टवेअरमधलं पेमेंटचं मॉड्यूल, म्हणजे पैसे भरण्याचा भाग, माझ्याकडे आहे. ते टेस्ट सर्व्हरला जोडून तपासायचं तर लॉगिन आणि ‘की’ (सर्व्हरला जोडायचा गुप्त कोड) क्लायंटकडून यायला हवी. ती थेट मागायची मला परवानगी नाही. क्लायंटला मेल फक्त मॅनेजरनेच करायचा, हाही त्यांचाच नियम. मी शेवटच्या रकान्यात रोज लिहितोय, ‘की आलेली नाही, तिच्याशिवाय रिफंड तपासता येत नाही.’ पुढे पुढे तर लाल रंगात लिहिलं. आणि आज रिव्ह्यू कॉलवर सगळ्यांदेखत मला विचारतात, "तू आठवडाभर ८० टक्क्यांवरच का अडकलायस? अडचण होती तर सांगायचं नाही का?"

अहो, सांगितलंय की! तुमच्याच शीटमध्ये, तुम्हीच आखलेल्या रकान्यात! मी स्क्रीन शेअर करून दाखवायला गेलो तर "आपण नंतर बोलू" म्हणून पुढच्या माणसाकडे वळले. क्लायंटच्या डोक्यात काय राहिलं असेल? सांगलीत घरी बसलेला पोरगा कामात ढिला आहे, एवढंच.

घरून काम करणाऱ्यावरचा हा संशय तर संतापजनक आहे. पुण्यात ऑफिसात बसणारा चहाला खाली गेला तर कुणी हूं की चूं करत नाही. मी इथे विश्रामबागेत जेवायला उठलो आणि चॅटवरचा हिरवा ठिपका पिवळा झाला, की लगेच मेसेज, "अपडेट?" घास हातात असताना उत्तर द्यायचं. दिलं नाही तर फोन.

आणि ते टक्के! ८० टक्के म्हणजे नेमकं कशाचे ८०? पैसे भरायची स्क्रीन झटकन होते. ग्राहकाच्या खात्यातून पैसे कापले गेले पण ऑर्डर नोंदलीच नाही, एकाच व्यवहाराचे पैसे दोनदा गेले, नेट मधेच तुटलं, या सगळ्याचा बंदोबस्त करण्यात खरा वेळ जातो. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही. अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेतल्या टॉम कारगिल यांनी हे कधीच सांगून ठेवलंय: पहिलं ९० टक्के काम ठरलेल्या वेळातला ९० टक्के वेळ खातं आणि उरलेलं १० टक्के काम आणखी ९० टक्के वेळ खातं. लोक हे हसण्यावारी नेतात, पण ज्याने रात्री जागून रिफंडचा घोळ निस्तरलाय त्याला यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

सकाळचा स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक, हा वेगळा छळ. नाव स्क्रमचं, म्हणजे टीमने मिळून सॉफ्टवेअर बनवायच्या एका पद्धतीचं, पण कारभार हजेरीचा. स्क्रमच्या मूळ नियमांत रोजची ही बैठक फक्त १५ मिनिटांची आहे. डेव्हलपरांनी आपल्या पुढच्या दिवसाचं काम आपसात ठरवावं म्हणून ती असते. त्या नियमांत प्रोजेक्ट मॅनेजर नावाचं पदच नाही. काल काय केलं, आज काय करणार, काय अडलंय, हे तीन ठरावीक प्रश्नसुद्धा २०२० च्या आवृत्तीत काढून टाकले. आमच्याकडे मात्र पाऊण तास एकेकाला उभं करून उलटतपासणी. मी आदल्या दिवशी दुपारभर दुसऱ्याचा बग शोधून दिला असेल तर तो वेळ कुठेच धरत नाहीत, कारण ते टिकिट (त्या कामाची नोंद) माझ्या नावावर नसतं. मग कोण कशाला कुणाच्या मदतीला जाईल?

आम्हा सांगलीकरांना आकड्याचं महत्त्व कुणी शिकवायला नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ फुटांवर धोका. २०१९ ला ते ५७ फुटांच्या वर गेलेलं आम्ही पाहिलंय. पण तिथे आकडा आला की माणसं हलतात. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरातली घरं रिकामी व्हायला लागतात, जनावरं उंचावर नेतात. आकडा त्यासाठीच तर घ्यायचा असतो! आमच्या शीटमध्ये रोज लाल अक्षरात इशारा जातोय आणि ज्याने हलायचं तोच आठवड्याने विचारतो, पाणी वाढलं होतं तर बोलला का नाहीस.

सगळ्यात वाईट याचं वाटतं, की टीममध्ये मिरजेची एक नवी मुलगी आलीये, ती आत्ताच खोटं लिहायला शिकली. पहिल्या आठवड्यात तिने प्रामाणिकपणे ३० टक्के लिहिलं तर कॉलवर तिला इतकं झापलं की रडवेली झाली होती. आता ती सरळ ९० लिहिते आणि रात्री बारापर्यंत एकटी झगडत बसते. परवा मला हळूच विचारत होती, "दादा, जमत नाहीये असं लिहिलं तर काढून टाकतील का हो?" हुशार पोरगी आहे. तिला फक्त कुणीतरी अर्धा तास शेजारी बसून दाखवायला हवंय. ते शीटमध्ये कधीच दिसणार नाही, कारण ते लिहायची तिला भीती घातलीये.

मी आज मेल टाकलाय, मॅनेजरला आणि त्यांच्या वरच्यांनाही. कोणती टिकिटं पूर्ण होऊन तपासून झाली ते टीमच्या कामांच्या बोर्डवर दिसतंच, ते बघा. माणसागणिक टक्के मागणं बंद करा. अडलंय असं कुणी लिहिलं तर त्याच दिवशी क्लायंटला फोन लावा. आणि आज क्लायंटसमोर जे बोललात, ते त्याच क्लायंटसमोर दुरुस्त करा.