९२ मिळत असताना ७८

आमच्या घरामागे कालव्याच्या कडेने मुरमाची एक वाट जाते आणि वयाच्या ४४व्या वर्षी त्या वाटेवर स्केटिंग करावे असे मला वाटले, एवढी पार्श्वभूमी पुरे. परवा क्रीडासाहित्याच्या दुकानात पाऊल टाकताच आलेला "मुलगा कितवीत आहे?" हा प्रश्न मी गिळला. "माझ्याचसाठी हवेत, नऊ नंबर," असे म्हटल्यावर दुकानदाराने माझ्या पायांऐवजी पोटाकडे पाहिले, तेही गिळले.

मी आठ दिवस अभ्यास करून गेलो होतो. लहान चाक खड्याला अडले की चाक तेवढे थांबते, वर उभा असलेला गृहस्थ पुढे जातच राहतो. म्हणून अशा वाटेला १०० ते १२५ मिलिमीटरची मोठी चाके घ्यावीत, हवा भरलेली मिळाली तर फारच उत्तम. चाकाचा टणकपणा 'ए' या मापात मोजतात. सभागृहातल्या गुळगुळीत फरशीला ९०च्या पुढचे टणक चाक चालते, पण बाहेरच्या रस्त्याला ७८ ते ८५ इतके मऊच हवे, कारण मऊ चाक धक्का स्वतः पचवते आणि गुडघ्यापर्यंत जाऊ देत नाही.

"७८ची चाके आहेत का?" मी विचारले.

"७८ कशाला सर? त्याच किमतीत ९२ देतो की!"

शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ कॅरमचा स्ट्रायकर परत करायला उभे होते. नियमाप्रमाणे १५ ग्रॅमच्या आत असायला हवा, तो जास्त भरतो, हे त्यांनी सोनाराच्या काट्यावर सिद्ध करून आणले होते. आपला खटला बाजूला ठेवून ते माझ्याकडे वळले. "अहो, आमच्या नातवाला ९२ टक्के पडले, तरी हवे ते कॉलेज मिळाले नाही. तुम्ही ७८ घेऊन जाणार कुठे?"

"कालव्यावर, काका."

त्यांनी उत्तर ऐकलेच नाही. स्केट मांडीवर घेऊन, तर्जनी ताणून त्यांनी चाकाला अशी टिचकी मारली की राणी सरळ खिशात जावी, आणि मनगटावरचे घड्याळ पाहत बसले. "१९ सेकंद. घर्षण आहे. आत थोडी पावडर टाका." मोकळे चाक हातात किती वेळ फिरते यावरून ते वजनाखाली कसे चालेल हे कळत नाही, बाहेर खरी वैरीण धूळच असते, म्हणून रबरी झाकणाचे बेअरिंग पाहायचे असते, हे मी समजावून सांगितले. "बोरिक पावडरीला धूळ म्हणू नका," ते दुखावलेल्या स्वरात म्हणाले. जगातल्या सर्वांत गुळगुळीत लाकडावर आयुष्य घालवलेल्या माणसाकडून मी खडबडीत वाटेचा सल्ला ऐकत होतो आणि दुकानदार माना डोलावत होता.

इतक्यात त्यांना खोक्यावरचा '८० किलोपर्यंत' हा मजकूर दिसला. "तुमचे वजन?" मी हळूच ८६ म्हणालो. ते हळू बोलणाऱ्यांतले नव्हते. "सहा किलो जास्त! अहो, इथे मी ग्रॅमभर जास्त भरला म्हणून स्ट्रायकर परत करतो आहे!" सगळे दुकान हसले आणि वजनकाट्याचा मान राखून दुकानदाराने त्यांचा स्ट्रायकर तत्काळ बदलून दिला. मला मात्र हवे ते काहीच मिळाले नाही.

खरे सांगायचे तर राग त्या काकांचा नाही. खोक्याखोक्यावर 'एबेक ९' ठळक छापलेले असते. हा आकडा बेअरिंगच्या मापातली अचूकता सांगतो, धुळीबद्दल किंवा भाराबद्दल अक्षरही सांगत नाही. ज्याची खरी गरज असते तो चाकाचा टणकपणा मात्र तिथल्या अर्ध्याअधिक खोक्यांवर नव्हताच. 'आउटडोअर' हा शब्द होता, पण त्यातले बाहेर म्हणजे सोसायटीचे पार्किंग. त्याच्या भरवशावर पालक मुलांना टणक चाकांवर उभे करतात आणि आमच्या उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर गुडघे फुटले की "तोल सांभाळता येत नाही" म्हणून त्या मुलालाच बोलतात. मोठ्या माणसाने बाहेर स्केटिंग करावे ही कल्पना तर त्या कपाटात कुठेच बसत नाही.

अखेर मनगट आणि गुडघ्यांची संरक्षक आवरणे तेवढी घेऊन मी घरी आलो. पिशवी रिकामी केली तेव्हा तळाशी बोरिक पावडरचा डबा निघाला. बिलात ४० रुपये रीतसर लावलेले होते. आमच्या घरी कॅरम नाही.