पाणी अडवा, पाणी जिरवा

आज सकाळी लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी माझ्या ऑफिसच्या बॅगेकडे बोट दाखवत "हिला वास येतोय" असे जाहीर केले. हा 'हिला' बॅगेसाठी होता असे मी धरून चालले आहे. लिफ्टमधल्या उरलेल्या चौघांनी काय धरले ते त्यांचे त्यांना ठाऊक. वास खरोखरच येत होता, म्हणून तर राग अजून उतरलेला नाही.

बॅगेवर खंडूने पाय वर केला होता. खंडू रस्त्यावर वाढलेला, अंदाजे ४ वर्षांचा असून आमच्याकडे दत्तक येऊन त्याला तीन आठवडे झाले आहेत. फ्लॅटचे कागद माझ्या नावावर असले तरी सातबाऱ्यावर आपले नाव चढवून घेण्याचे काम त्याने पहिल्याच दिवशी सुरू केले, आणि सोफ्याचा कोपरा, फ्रिज, पडदा, गॅसचा सिलिंडर अशा क्रमाने नोंदी करत तो आता जंगम मालमत्तेपर्यंत पोहोचला आहे. एका वेळी चमचाभरच, पण नेहमी उभ्या वस्तूवर. कारण वास दुसऱ्या कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर राहिला पाहिजे. दुसरा कुत्रा आमच्या घरात नाही, ही गोष्ट अद्याप त्याच्या कानावर घालता आलेली नाही.

डॉक्टरांनी आधी लघवी तपासायला सांगितली, कारण मूत्रमार्गाचा संसर्गही असू शकतो. घरात दिवसातून आठ वेळा सढळ असणारा हा प्राणी, बाहेर माझ्या हातात जुना डाव पाहताच व्रतस्थ झाला. पाऊण तास मी डाव पुढे धरून त्याच्या मागे वाकून चालत होते. अहवाल निर्दोष आला. ही हद्द आखण्याची सवय आहे, नव्या जागेत जीव स्थिरावला की कमी होईल, तोवर लक्ष ठेवा आणि रागावू नका, असे डॉक्टर म्हणाले.

काकांना मात्र डॉक्टर मान्य नाहीत. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले असल्याने कोणत्याही पाण्याचा प्रश्न आपल्याच अखत्यारीत येतो, अशी त्यांची ठाम समजूत आहे. मागच्या रविवारी ते निळीच्या पाण्याने भरलेली दोन लिटरची बाटली घेऊन आले आणि न विचारता ती सोफ्याशेजारी ठेवून समोरच्या खुर्चीत धरणाच्या उद्घाटनाला बसल्यासारखे बसले.

"निळ्या पाण्याला कुत्रं घाबरतं," ते म्हणाले.

खंडू आला, त्याने बाटली हुंगली आणि तिच्यावरच पाय वर केला.

"काका, त्याने बाटलीवरच केलं."

"मग नीळ कमी पडली. तू त्याची नसबंदी का करत नाहीस?"

"झालेली आहे. कानाची खाच त्याचीच खूण."

"मग ती नीट झालेली नसेल," असे म्हणून काकांनी गुडघ्यावर हात टेकून, खाली वाकून स्वतः पाहणी केली. खंडूनेही ती शांतपणे करू दिली. नसबंदीने ही सवय बऱ्याच कुत्र्यांत कमी होते, पण पक्की झालेली सवय मागे उरू शकते, हे मी समजावून सांगत असताना त्यांनी चहात साखर कमी असल्याचे सांगितले.

"हे बघ, पाणी कुठून येतं ते बघायचं नसतं. कुठे अडवायचं ते बघायचं!"

अडवण्याचे जमले नाही. जिरवण्याचे काम सोफा करतो आहे. फिनेल मारले तर वास फक्त आपल्यापुरता झाकला जातो. माणसाच्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी ५०-६० लाख असतात, कुत्र्याच्या नाकात १० ते ३० कोटी. तेव्हा आपण घर स्वच्छ केले असे ठरवणारे आपण कोण? डाग मुळापासून उतरवणारे एन्झाइमचे द्रावण आणले, सोबत अतिनील प्रकाशाची बॅटरी आणली आणि रात्री दिवे घालवून पाहिले. भंडारदऱ्याला लोक काजवे पाहायला पैसे खर्चून जातात. मला ते पडद्याखाली दिसले.

पण एक गोष्ट बोलून दाखवतेच. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीवर ओळीने देवांच्या टाइल्स बसवल्या आहेत, त्या खंडूसाठी नाहीत. त्या दोन पायांच्या, शिकल्यासवरलेल्या, गाडी बाजूला लावून भिंतीकडे तोंड करणाऱ्या गृहस्थांसाठी आहेत, आणि त्यांच्याकडे बोट दाखवून 'याला वास येतोय' असे चारचौघांत म्हणताना मी काकांना एकदाही ऐकलेले नाही. खंडूला निदान मागचा पाय उचलण्याचे कष्ट पडतात.

संध्याकाळी बेल वाजली. तुमच्याकडे उपयोग होत नसेल तर बाटली परत द्या, जिन्याखाली ठेवायची आहे, असे काका म्हणाले. मी ती लगेच आणून दिली आणि त्यांनी ती काखेत घट्ट धरली. रविवारपासून ती धुतलेली नव्हती.