विहिरीलाही नियम होते

उन्हाळी सुट्ट्या लागल्यापासून आमच्या वऱ्हाडातल्या गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. तालुक्याच्या जलतरण तलावावर पाटी लागली: श्वास रोखायची शर्यत बंद, काठावर पळापळी बंद, उथळ बाजूला सूर मारणं बंद, लहान मुलासोबत मोठं माणूस हवंच. मेसेजचं म्हणणं असं की आमची पिढी नियमांशिवाय विहिरीत पोहली, कोणाला काही झालं नाही, आता पोट्ट्यांना भित्रं करणं चाललंय. हा मेसेज माझ्या ओळखीच्या कित्येक आईबापांनी पुढे पाठवला, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

"विहिरीवर कुठे होते नियम?" होते, आणि कडक होते. नवख्या पोराच्या पाठीला तुंबा नाहीतर रिकामा डबा बांधलेला असे, कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक काठावरच्या काकाच्या मुठीत. पट्टीचा पोहणारा एकजण आधीच पाण्यात उतरलेला. एकट्याने विहिरीवर जायचं नाही, हे घरात ठणकावून सांगितलेलं. मेसेज लिहिणाऱ्याला उडी आठवली, दोर धरणारा काका आठवला नाही. तलावावरच्या पाटीने त्या काकाचंच काम हाती घेतलं आहे.

"कोणाला काही झालं नाही" हे तर धादांत खोटं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून मेली, त्यांतला जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या लेकरांचा. आपल्या गावात कोणत्या डोहाने, कोणत्या विहिरीने कोणाचं पोर नेलं, हे म्हाताऱ्या माणसांना विचारा.

सगळ्यांत घातक दावा हा: "श्वास रोखल्याने छाती मजबूत होते, ही शर्यत बंद कशाला?" इथे जरा थांबून समजून घ्या. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. प्राणवायू कमी झाल्याची जाणीव शरीराला फार उशिरा होते. शर्यतीआधी पोरं भराभर खोल श्वास घेतात. त्याने प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र बराच घटतो. मग बुडी मारली की गुदमरल्यासारखं वाटतच नाही, आणि तसं वाटण्याआधीच प्राणवायू इतका उतरतो की शुद्ध जाते. बेशुद्ध शरीर आपोआप श्वास ओढतं, तेव्हा आत पाणी जातं. वरून दोस्त आकडे मोजत असतात. त्यांना वाटतं, गडी आज जिंकणार. हे कमरेइतक्या पाण्यातही घडतं, आणि चांगलं पोहणाऱ्या जिद्दी मुलालाच याचा धोका अधिक. "माझ्या पोराला पोहता येतं" हे इथे कामाचं नाही.

काठावरची फरशी ओली असते, पळणारं पोर डोक्यावर आपटतं. यावर वाद घालण्यासारखं काही नाही. उथळ पाण्यात डोक्याकडून सूर मारला तर डोकं तळावर आदळून मानेचा मणका मोडू शकतो, हातपाय जन्मभरासाठी जाऊ शकतात. अमेरिकन रेड क्रॉस सूर मारण्यासाठी किमान ९ फूट खोली सांगते. खोलीचा आकडा काठावर लिहिलेला नसेल तर पायांकडूनच उडी.

"बुडणारं पोर ओरडेल, कळेलच की." नाही ओरडत. तोंड पाण्याखाली-वर होत असताना श्वासच पुरत नाही, आवाज कुठून निघणार? हात वर हलवून बोलावणंही जमत नाही. ते आपसूक पाणी खाली दाबत राहतात. लहान मूल मिनिटाच्या आत दिसेनासं होऊ शकतं. म्हणून मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर असावं, मोबाईल पिशवीत ठेवून. हवेचे फुगे आणि ट्यूब ही खेळणी आहेत, त्यांच्या भरवशावर मूल सोडू नये.

एका मुद्द्यात मेसेजवाल्याची काळजी खरी आहे: तलावावर नुसतं "बंद, बंद" झालं तर पोरं शेततळ्यावर जातील. आणि शेततळं तलावाहून कितीतरी वाईट. आतलं प्लास्टिक शेवाळून इतकं निसरडं होतं की पोहता येणाऱ्यालाही उतारावरून वर चढता येत नाही. त्यावर उपाय शेततळ्याला कुंपण आणि काठाला बांधलेला गाठींचा दोर. तलावाच्या पाटीवरही बंदीशेजारी खेळ लिहावेत: कमरेइतक्या पाण्यात एकेकाने तळाची रिंग उचलणं, पकडापकडीऐवजी पाण्यात उभ्याने चेंडू, जोडीजोडीने उतरणं आणि शिट्टी झाली की जोडीदाराचा हात वर करणं. मुलांना पोहणं शिकवा, असं जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते. त्यासाठी तलाव चालू राहिला पाहिजे.

मेसेजच्या शेवटी सल्ला आहे की बुडालेल्याला उलटं धरून पोटातलं पाणी काढा. कृपा करून हे करू नका, त्यात मोलाचा वेळ जातो. पोहता येत नसेल तर स्वतः उडी मारू नका. बांबू, दोर, दुपट्टा फेका. बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर मान किंचित मागे करून, नाक दाबून तोंडाने श्वास द्या, मग छाती दाबा: ३० दाब, २ श्वास, न थांबता. दुसऱ्याला तोवर १०८ लावायला सांगा.