मुख्याध्यापकाच्या पलीकडचंही बघा

शाळेचं ख्रिस्तीपण मुख्याध्यापकाच्या श्रद्धेवर टिकतं, असा ख्रिस्ती शाळांवरच्या एका लेखाचा सूर आहे. अर्धाच पटला. तो माणूस निवृत्त झाल्यावर काय? जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाने १५९९ मध्येच 'राशिओ स्टुडिओरम' ही आपल्या शाळांसाठीची लेखी पद्धत ठरवली. कोणत्या वर्गात काय शिकवायचं, कोणाची जबाबदारी कोणती, सगळं त्यात होतं. त्यामुळे माणसं बदलली तरी पद्धत टिकली. उलट १६३६ मध्ये हार्वर्ड स्थापन झालं तेव्हा धर्मोपदेशक घडवणं हा एक मुख्य हेतू होता, आणि आज ते धर्मनिरपेक्ष विद्यापीठ आहे. असे बदल कुणी ठराव करून होत नाहीत, एकेका नेमणुकीतून होतात.

पैशाचा विषय मात्र लेखात दोन ओळींत उरकलाय. फी वाढवली तर गरीब मुलं बाहेर, नाही वाढवली तर चांगले शिक्षक बाहेर. 'ही सेवा आहे' म्हणत शिक्षकांना तुटपुंज्या पगारावर राबवणं मला तर सुवार्तेच्या, म्हणजे येशूच्या संदेशाच्या, विरोधातच वाटतं. नियामक मंडळाने शिष्यवृत्तीचा निधी रोजच्या खर्चापासून वेगळा ठेवावा आणि पुढचा मुख्याध्यापक आधीचा असतानाच तयार करायला घ्यावा.