घट बसवताना घ्यावयाची काळजी

मार्गशीर्षातल्या गुरुवारची फळं बुधवारी संध्याकाळीच आणा, म्हणजे सगळ्यांत महाग मिळतील. फळवाल्याशी घासाघीस करून दोन रुपये सोडवा आणि तेच नाणं कलशात टाका. देवीला तुमची काटकसर कळली पाहिजे.

चौरंगावर तांदळाची रास, वर तांब्याचा कलश, त्यात पाणी, दूर्वा, सुपारी, मग पाच डहाळ्या आणि नारळ. पूर्वी एवढ्यावर भागायचं. आता नारळाला मुखवटा, मुखवट्याला नथ, नथीला शोभेल अशी साडी आणि मागे दिव्यांची माळ नसेल तर लक्ष्मीला फ्लॅट सापडत नाही म्हणे. साडी गेल्या वर्षीची नको. तुमच्या जाऊबाई स्टेटस मोठं करून बघतात.

उपास कडक करा. कडक म्हणजे साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो, शिवाय बटाटा, शेंगदाणे आणि मिरची हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. १४९२ साली कोलंबस तिकडे पोचला, त्यानंतर इकडे आलेले. म्हणून पवित्र. हळद-मोहरी पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच डब्यातल्या, सबब त्या चालत नाहीत. कोथिंबिरीवर घरोघरी वाद आहेत. सासरचं मत धरा.

आता कहाणी. ही मात्र खणखणीत आवाजात वाचा. सौराष्ट्रात भद्रश्रवा राजा, त्याची राणी सुरतचंद्रिका. लक्ष्मी म्हातारीचं रूप घेऊन, फाटकी वस्त्रं नेसून, काठी टेकत महालाच्या दारात येते. राणी संपत्तीच्या तोऱ्यात तिला हाकलून देते. लेक शामबाला तेवढी म्हातारीची माफी मागते आणि व्रत समजून घेते. पुढे राज्य जातं. लेकीने मोहरांनी भरून दिलेला हंडा राणी उघडते, तर आत कोळसे!

हे वाचताना सेफ्टी डोअर लावून घ्या. नेमकी याच वेळी कुणीतरी म्हातारी जुनंपानं मागायला येते आणि वाचनात खंड पडतो. वॉचमनला आधीच बजावून ठेवा. कामवाल्या मावशींनी सुट्टी मागितली तर देऊ नका. गुरुवार त्यांचाही असतो, पण त्यांच्या घटापायी तुमची भांडी किती वेळ पडून राहणार?

शेवटच्या गुरुवारी उद्यापन. सुवासिनींना हळदीकुंकू, एकेक फळ, एकेक पोथी. गेल्या वर्षी तुम्हाला मिळालेल्या पोथ्या कपाटात असतीलच, त्याच द्या; आत कुणाचं नाव घातलेलं नाही ना, तेवढं बघा.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांनी तीस वर्षं हा घट बसवला, तुम्हालाही त्यांनीच शिकवलं. पण सासरे गेल्यापासून कुंकवाच्या कार्यक्रमात त्यांचं काम नाही. बायका यायच्या आत त्यांना आतल्या खोलीत बसवा, चहा द्या, टीव्ही लावून द्या. त्या काही म्हणणार नाहीत. फक्त वाचताना तुम्ही कुठे अडखळलात, की आतून पुढची ओळ ऐकू येईल. पोथी न बघता, कानामात्रेसकट.

अशा वेळी टीव्हीचा आवाज थोडा वाढवा आणि ते दारही लोटून घ्या.