धडधाकट असतानाच चाचणी, धडधाकट असतानाच गोळी

गेले काही आठवडे एक मेसेज आमच्या तालुक्यातल्या ग्रुपांवर फिरतोय. माझ्या भाचीनेही तो पाठवला, "मावशी, हे खरं का गं?" असं विचारून. मजकूर थोडक्यात असा : प्राथमिक आरोग्य केंद्रात हल्ली ताप-खोकल्यासाठी गेलं तरी एचआयव्हीची चाचणी करायला सांगतात, ती करू नका. हा आजार 'तसल्या' लोकांचा. बोटाच्या थेंबावरचा रिपोर्ट खोटा येतो. आजार बरा होतच नाही, मग कळून उपयोग काय? गोळ्यांनी लिव्हर-किडनी जाते, म्हणून रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी कमी होईपर्यंत थांबा. आणि गावात बोभाटा होतो तो वेगळाच.

मी समुपदेशक आहे, रोज याच लोकांसमोर बसते. एकेक मुद्दा घेते, पण मेसेजच्या क्रमाने नाही. ज्याने माणसं दगावतात तो आधी.

"पेशी कमी होईपर्यंत थांबा." हा सल्ला एके काळी डॉक्टरच द्यायचे, म्हणून तो लोकांना पटतो. १ एप्रिल २००४ ला आपल्याकडे सरकारी मोफत एआरटी, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या, सुरू झाली तेव्हा या पेशी (त्यांना सीडीफोर म्हणतात) २०० च्या खाली गेल्या किंवा आजार बळावला, तरच गोळ्या मिळायच्या. पुढे ही मर्यादा वर सरकत गेली आणि २०१७ पासून ती उरलीच नाही. निदान झालं की उपचार, पेशी कितीही असोत. हे कुणाच्या लहरीने झालं नाही. 'स्टार्ट' नावाच्या अभ्यासात ३५ देशांतले ४,६८५ जण होते, सगळ्यांच्या पेशी ५०० च्या वर, म्हणजे वरून ठणठणीत. निम्म्यांना लगेच गोळ्या दिल्या, निम्म्यांना पेशी ३५० पर्यंत उतरेपर्यंत थांबवलं. लगेच सुरू केलेल्यांत गंभीर आजार आणि मृत्यू ५७ टक्क्यांनी कमी निघाले. २०१५ मध्ये हा फरक इतका ठळक दिसला की थांबवलेल्यांनाही मुदतीआधीच औषध देऊ केलं.

थांबण्याची किंमत मी डोळ्यांनी पाहिली आहे. पंचेचाळिशीचे एक गृहस्थ. आठ महिने बारीक ताप, खोकला, वजन उतरत चाललेलं. तीन दवाखाने झाले, सलाईन झालं, टायफॉइडची तपासणी दोनदा झाली. ही एक चाचणी कुणीच सांगितली नाही. माझ्यासमोर आले तेव्हा टीबी होता, वजन ३९ किलो, सीडीफोर ३८. बायकोने सगळे कागद साखरेच्या प्लॅस्टिक पिशवीत घालून आणले होते. ते वाचले, पण एका डोळ्याची नजर गेली ती गेलीच. पहिल्या महिन्यातच आरोग्य केंद्रात थेंबभर रक्त तपासलं असतं तर आज दोन्ही डोळ्यांनी बघत असते. याची मला अजून चीड येते.

'लगेच' म्हणजे आंधळेपणाने नव्हे, हेही सांगते. टीबी असेल तर आधी टीबीची औषधं आणि थोड्या दिवसांनी एआरटी. मेंदूपर्यंत संसर्ग गेला असेल तर आणखी थांबतात. ते डॉक्टर तपासून ठरवतात, व्हॉट्सअ‍ॅप नव्हे.

लिव्हर-किडनीची भीती कुठून आली तेही मला ठाऊक आहे. सुरुवातीच्या वर्षांत स्टॅव्हुडीन नावाची गोळी होती. तिने गाल बसायचे, हातपाय काटकुळे व्हायचे, गावात माणूस लांबून ओळखू यायचा. ती गोळी केव्हाच बंद झाली. आता बहुतेकांना टीएलडी देतात : तीन औषधं, एकच गोळी, दिवसातून एकदा. तिचेही त्रास आहेत. काहींची झोप उडते, काहींचं वजन वाढतं, किडनीवर लक्ष ठेवावं लागतं, म्हणून तर क्रिएटिनिन तपासतात. पण उपचाराविना सोडलेला विषाणू शरीराची जी नासधूस करतो, त्याच्याशी याची बरोबरी होत नाही.

"रिपोर्ट खोटा येतो." बोट टोचून थेंब कार्डवर घालतात, वर द्रावणाचे थेंब टाकतात, पंधरा-वीस मिनिटांत रेघा उमटतात. एक रेघ चाचणी नीट चालली हे सांगणारी, दुसरी उमटली तर संशय. हो, फक्त संशय. एवढ्यावर कुणालाही 'पॉझिटिव्ह' म्हणत नाहीत. पुढे आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन-तपासणी केंद्रात, पाठवतात आणि तीन वेगवेगळ्या किटवर तपासून मगच रिपोर्ट देतात. उलट बाजूची चूक मात्र होऊ शकते : धोका नुकताच घडला असेल तर रेघ उमटत नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा या म्हणतो.

बरा होत नाही, हे खरं. शुगर तरी कुठे बरी होते? रोज गोळी घेतली की काही महिन्यांत बहुतेकांच्या रक्तात विषाणू तपासणीत सापडेनासा होतो, आणि तो तसा राहिला की शरीरसंबंधातून जोडीदाराला जात नाही. याचा पाया घालणाऱ्या मोठ्या अभ्यासात पुण्याची जोडपीही होती. २०११ मध्ये त्याचा निष्कर्ष आला : लवकर उपचार घेतलेल्यांकडून जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली. आईकडून बाळाला लागण होण्याचा धोका उपचाराविना १५ ते ४५ टक्के असतो, उपचाराने तो ५ टक्क्यांच्या आत येतो. कळून उपयोग तो हा.

आता 'तसले लोक'. प्रत्येक ताप-खोकल्याला ही चाचणी सांगतात हेच मुळात खोटं. गरोदर बायका, टीबीचे पेशंट, गुप्तरोगाची तक्रार असलेले, न हटणारा ताप आणि उतरणारं वजन असलेले, यांना सांगतात. यात गरोदर बाईची चाचणी हमखास होते, नवऱ्याची राहून जाते. मग घरात पहिला रिपोर्ट तिचा येतो आणि आजारही तिनेच आणला असं ठरतं. आयुष्यात एकाच पुरुषाबरोबर राहिलेल्या किती बायका माझ्यासमोर पदर तोंडात धरून रडल्या आहेत! रिपोर्ट कुणाचा आधी आला यावरून लागण कुणाला आधी झाली हे कळत नाही. हे वाक्य मी सासवांना समोर बसवून सांगते.

बोभाट्याची भीती मात्र मी उडवून लावणार नाही. एक ताई गोळ्यांच्या बाटलीत कापूस भरून नेते, पिशवीत खुळखुळ वाजू नये म्हणून. एचआयव्ही असलेल्यांसाठी कायदा आहे : २०१७ चा, सप्टेंबर २०१८ पासून लागू. संमतीशिवाय चाचणी नाही, परवानगीशिवाय नाव फोडायचं नाही, नोकरीवरून काढायचं नाही, उपचार नाकारायचे नाहीत. तरीही काही ठिकाणी ऑपरेशनआधी न विचारता चाचणी करतात आणि फाईलवर लाल शाईने लिहितात. ते बेकायदेशीर आहे, त्याविरुद्ध बोलायलाच हवं. पण म्हणूनच मला ही चाचणी आरोग्य केंद्रात हवी आहे. वेगळ्या दारावर वेगळी पाटी दिसली की गाव बघतं. हिमोग्लोबिन आणि शुगरच्या त्याच रांगेत, त्याच टेबलावर थेंब दिला तर कुणाला काय कळणार? गोळ्या गावाजवळ नको असतील तर दुसऱ्या तालुक्यातलं केंद्र मागता येतं. शंका असेल तर १०९७ हा फोन फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही.

भाचीला तिसरा महिना आहे. तिला मी एवढंच कळवलं : सोमवारी नावनोंदणीला जाशील तेव्हा जावईबापूंनाही बरोबर ने. दोघांचाही थेंब एकाच दिवशी होऊ दे.